खालच्या जबड्यांचा खण

१. जे असायला हवं तेच

रविवारी सकाळी आमच्या साडूंच्या घरातच असलेल्या, आता बंद पडलेल्या दवाखान्यातला 'खालचे जबडे' अशी चिठ्ठी लावलेला खण उघडण्यात आला, आणि त्यात खालचे जबडे सोडून काहीही सापडलं नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, मग बिघडलं कुठे? दंतवैद्याच्या खणात प्लास्टरचे जबडे नसतील तर काय, भोपळे असतील? पण आमच्या साडूंनी त्या जबड्यांच्या मागे, जुन्या कवळ्यांच्या डब्यांमध्ये, जन्मभर जमवलेली चांदीची नाणी दडवली होती. डबे होते. डब्यांची झाकणं नीट लावलेली होती. आत मात्र कापूस.

खण उघडला होता जावईबापूंनी. ते विमा कंपनीत आहेत. "बाबा, निदान फोटो काढून ठेवू या, वजनं करू या," असं ते लग्न झाल्यापासून सासऱ्यांना सांगत होते. सासऱ्यांनी अखेर होकार दिला. जावईबापू कॅमेरा घेऊन आले आणि त्यांना कापसाचे फोटो काढावे लागले.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो.

"साडूबुवा, माझं सगळं गेलं हो! अक्कांना घेऊन या."

अक्का म्हणजे आमची ही. डॉक्टरीणबाईंची थोरली बहीण. हिची सगळी नोकरी विमानतळावर कस्टममध्ये, परक्यांच्या बॅगा उघडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बॅगा मिळेनात, म्हणून ती माणसं उघडते. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर आपल्याच दवाखान्यातल्या खुर्चीत, पेशंटच्या जागी, आडवे पडले होते. दात काढायच्या आधी लोकांचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

"कुणावर संशय?" हिने विचारलं.

"संशय नाही, खात्री आहे," डॉक्टर छताकडे बघत म्हणाले. "माझा सख्खा भाऊ."

दारात त्यांचे धाकटे बंधू उभे होते. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. बातमी ऐकून ते दुकान अर्धवट उघडं टाकून धावत आले होते. डोळ्याचं भिंग अजून कपाळावरच होतं.

त्यांनी ते ऐकलं. भिंग काढलं, खिशात ठेवलं, आणि एक शब्द न बोलता ते हॉलमध्ये जाऊन बसले.

२. एक गुपित आणि त्याचे भागीदार

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

या दोघा भावांचे वडील जहाजावर स्वयंपाकी होते. एकदा परतताना त्यांनी कुठल्याशा बंदरातून एक चांदीचं नाणं आणलं. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला झिजलेला राजा. नाणं एक आणि मुलगे दोन. वडिलांनी ते थोरल्याला दिलं, कारण तो थोरला होता. त्या एका नाण्यापासून डॉक्टरांना संग्रहाचा नाद लागला, आणि धाकट्याला अबोल्याचा. वडील गेल्यावर तर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. एकाच गल्लीत राहून हे साधायला कौशल्य लागतं.

मग गेल्या वर्षी मागच्या गल्लीत घरफोडी झाली. डॉक्टर घाबरले. चोरी कशी टाळावी यावर जे मिळेल ते त्यांनी वाचून काढलं आणि त्यातून स्वतःची युक्ती शोधली. दातांचे ठसे घेतात त्या मसाल्यात त्यांनी उत्तम उत्तम नाण्यांचे ठसे घेतले, आणि दातांच्या टोप्या ज्या धातूच्या करतात त्या धातूत हुबेहूब नकला ओतल्या. ठरवलं असं की नकला हॉलमधल्या काचेच्या पेटीत मांडायच्या आणि असली नाणी जबड्यांमागे दडवायची. नकलांच्या कडा मात्र जमेनात. अस्सल नाण्याच्या कडेला बारीक रेघा असतात, आणि तसलं काम गल्लीत एकच माणूस करू शकत होता.

डॉक्टर असली-नकली दोन्ही नाणी घेऊन भावाच्या दुकानात गेले. किती वर्षांनी, ते दोघंही सांगत नाहीत. पण त्या दिवसापासून घड्याळजी रोज संध्याकाळी चहाला येऊ लागले, आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "चोर देवासारखा आला गं अक्का, दोन भाऊ जोडून गेला."

युक्ती नामी होती. खोट एकच होती. उभा जन्म लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या आमच्या साडूंना स्वतःचं मिटता येत नाही. हे गुपित त्यांनी फक्त घरच्यांना सांगितलं. शिवाय नाणेसंग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना, कारण ते जुने स्नेही. शिवाय न्हाव्याला, कारण वस्तऱ्याखाली माणूस खोटं बोलत नाही. प्रत्येकाला त्यांनी बजावलं होतं, "हे फक्त तुम्हालाच." खणाची किल्ली फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यात, जिभेच्या जागी ठेवलेली असते, हेही त्यांनी फक्त प्रत्येकालाच सांगितलं होतं.

"कुलूप फोडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "किल्ली जबड्यात जागच्या जागी. डबे पुन्हा नीट रचलेले. असं नेटकं काम कोण करतं? जो दिवसभर चिमट्याने चक्रं उचलतो तो! आणि जहाजाच्या नाण्यावर लहानपणापासून डोळा कुणाचा?"

"तुम्ही त्याला विचारलंत?"

"काय विचारायचं? चोराला?"

"खण शेवटचा कधी उघडला होतात?"

"ठेवल्यापासून नाही. वाचलंय ना मी, लपवलेल्या जागेकडे सारखं जायचं नाही, पाळत असते." डॉक्टर खुर्चीतून उठले. "अक्का, तुम्ही आलात म्हणून थांबतो. संध्याकाळी मी पोलिसांत जाणार, आणि नाव लिहून देणार."

मग दाराकडे बघून, जरा हळू आवाजात, "एवढ्या वर्षांनी चहाला यायला लागला होता," म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. नाणी गेली तर डॉक्टर रडतील आणि सावरतील. ते नाव लिहून दिलं गेलं, तर मात्र या घरात संध्याकाळचा चहा पुन्हा दोन कपांचा व्हायचा नाही.

३. दंतमंजन

हॉलमध्ये डॉक्टरीणबाई शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. दिवसभर त्यांची बैठक तिथेच, काचेच्या पेटीशेजारी. घड्याळजी कोपऱ्यातल्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून होते.

पहिले जावईबापू आले. "मावशी, मी किती वेळा सांगितलं! फोटो नाहीत, वजनं नाहीत, काही नाही. आता दुकानदारांना कळवायचं तर काय सांगू? गोल आहेत आणि चांदीची आहेत?"

"विमा उतरवलेला होता?"

"आज उतरवणार होतो." ते इतके दुःखी दिसले की मला त्यांची दया आली. ज्याचा हप्ता बुडाला त्याच्याइतकं खरं दुःख जगात कमी. ही म्हणाली, "जा, चहा घे." चोराला त्याच सकाळी पंचनाम्याचे फोटो काढायची घाई नसते, एवढं मलाही कळलं.

मग ही बहिणीकडे वळली. "आणि तू गं? तुला वाईट वाटलेलं दिसत नाही."

"वाटलं की! पण खरं सांगू? आता तरी नाण्यांची राखण सोडून हे गच्चीवर फिरायला जातील." मशीनचं चाक थांबवून त्यांनी पेटीकडे बोट केलं. "आणि हे बघ, एवढ्या मेहनतीने केलेली नकली, वर्षभरात कशी मेली काळवंडलीत! राहिलीत तेवढी तरी चकचकीत करते. दंतमंजन लावून घासलं की लखलखतील."

"घास, घास," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "नकलीच आहेत. त्यांनी तरी कशाला सुतकी तोंड करायचं?"

डॉक्टरीणबाईंनी खरोखरच दंतमंजनाची डबी आणि फडकं काढलं, कमरेची किल्ली पेटीला लावली, आणि एक नाणं उचललं.

"वहिनी! हात लावू नका त्यांना!"

घड्याळजी उभे राहिले होते. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिले शब्द, आणि ते इतके मोठ्याने आले की जावईबापूंचा चहा बशीत उतरला.

"का हो भाऊजी?"

घड्याळजींनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. "माझी मेहनत आहे त्यात," एवढंच पुटपुटले, आणि चपला घालून चालते झाले.

डॉक्टर दारात येऊन उभे होते. "बघितलंत? अपराधी मन! नकलांवरही जीव, आणि भावावर नाही."

ही पेटीपाशी गेली. वाकून बघितलं. नाण्यांच्या कडेकडेने तपकिरी, कुठे निळसर काळी छटा चढली होती. "डॉक्टर," तिने सहज विचारलं, "तुमच्या टोप्या लोकांच्या तोंडात काळ्या पडतात का हो?"

डॉक्टर दुखावले. एवढ्या दुःखातही दुखावले. "अक्का! माझी टोपी तोंडात माणसाबरोबर म्हातारी होते, पण काळी? एकही तक्रार नाही. विचारा कुणालाही."

"हं," ही म्हणाली. हिचं 'हं' मी ओळखतो. विमानतळावर या 'हं'नंतर लोक घाम पुसायला लागायचे.

४. घड्याळजींच्या दुकानात

दुकान म्हणजे एका माणसाला मावेल एवढी पेटी, आणि भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. घड्याळजी एका बायकी मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होते. वर न बघता म्हणाले, "बेड्या आणल्या असतील तर टेबलावर ठेवा. हातातलं काम संपवतो."

"काही विचारायला आले नाही," ही म्हणाली. "घड्याळ दाखवायला आले. थांबतंय."

मनगटावरचं घड्याळ काढून तिने दिलं. ते उत्तम चालत होतं. त्यांनी कानाला लावलं, ऐकलं, परत दिलं.

"खोटं बोलताय."

"हो. तुम्हीही बोलताय. न बोलता."

चिमटा थांबला.

"नाणी कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहे," ही म्हणाली.

मी दचकलो. ते दचकले नाहीत. बराच वेळ त्यांनी एक स्क्रू उगाचच पुसला.

"अक्का, मी दारात उभा, आणि तो मला चोर म्हणाला. जावयासमोर. मी धावत गेलो होतो, दुकान उघडं टाकून. का, तर दादाला बरं वाटावं म्हणून. मी सांगणारच होतो त्याला, दाराशी पोहोचेपर्यंत ओठांवर होतं." त्यांनी स्क्रू जागी बसवला. "त्याने नुसतं विचारलं असतं, 'तू घेतलीस का रे?' तरी सांगितलं असतं. एवढंसुद्धा विचारलं नाही. मग मी कशाला तोंड उघडू? जाऊ दे त्याला पोलिसांत."

"आणि नाणी?"

"राहतील जिथे आहेत तिथे. सुरक्षित आहेत."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अहो, हा तर कबुलीजबाब झाला!"

"झाला," ही म्हणाली. "फक्त कशाचा, ते तुम्हाला कळलं नाही. चला लवकर. मघाशी पेटी उघडी राहिली आहे."

५. आठवण म्हणून

आम्ही परतलो तर हॉलमध्ये मंडळाचे अध्यक्ष बसले होते. उंच, सौम्य, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे गृहस्थ. तो हात आता डॉक्टरांच्या खांद्यावर होता आणि डॉक्टर त्या हाताला टेकून डोळे पुसत होते.

"किती मायेचा माणूस बघ," डॉक्टरीणबाई हिच्या कानात म्हणाल्या. "गेल्या रविवारी मंडळाची बैठक इथे झाली ना, तेव्हापासून रोज येतात बिचारे. मी सांगते, हे घरी नाहीत, तरी म्हणतात, 'बसतो जरा.' इथेच बसतात, पेटीपाशी. मी शिवते, ते बघतात."

"रोज?" ही म्हणाली. "चोरी तर आज कळली."

"अगं, मनकवडे असतात काही जण."

अध्यक्ष बोलत होते. "डॉक्टर, गेलं ते गेलं. पण तुमच्या हातच्या या नकला, यातही तुम्ही आहात. तुम्हाला त्या रोज डोळ्यांसमोर नकोशा होतील. मला द्या. मंडळाच्या कपाटात ठेवतो. तुमची आठवण म्हणून."

"मी अजून जिवंत आहे," डॉक्टर म्हणाले. पण त्यांना गहिवरून आलं होतं. "घेऊन जा. सगळ्या घेऊन जा. माझ्या कलेची कदर निदान तुम्ही केलीत. भावाने तर..."

त्यांनी पेटीचं झाकण उचललं, आणि मूठभर नाणी उचलून स्टुलावर ओतली, फुटाणे ओतावेत तशी. खळखळाट झाला.

"अहो हळू!" अध्यक्ष जवळजवळ किंचाळले.

"डॉक्टर, तुम्ही बसा," ही मध्येच म्हणाली. इतक्या गोड आवाजात की मला थंडी वाजली. "तुम्हाला त्रास होतोय. अध्यक्षांनाच भरू द्या. कसं भरायचं ते त्यांना चांगलं कळतं."

अध्यक्षांनी कृतज्ञतेने मान डोलावली. बॅग उघडली. आतून मऊ कापडाच्या छोट्या छोट्या पिशव्या निघाल्या. मग त्यांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, एक एक बोट नीट बसवत ते चढवले, आणि जहाजाचं नाणं दोन बोटांत, फक्त कडांना धरून, फुंकरही लागू नये अशा बेताने उचललं.



"अध्यक्ष," ही म्हणाली, "दाताच्या टोपीला हातमोजे कशाला?"

६. हातमोजे

नाणं त्यांच्या बोटांत तसंच राहिलं. ठेवलं तर गुन्हा, धरलं तर गुन्हा, अशा अवस्थेत माणूस पुतळ्यासारखा होतो.

"सवय... सवय आहे," ते म्हणाले.

"सवय अस्सल नाण्याची असते. डॉक्टरांनाही आहे. जन्मात त्यांनी चांदीला उघडं बोट लावलं नाही, चिमट्यानेच उचललं. आणि आत्ता बघितलंत ना, फुटाण्यासारखी ओतली. कारण ती नकली आहेत असं त्यांना वाटतं." ही खुर्ची ओढून बसली. "तुम्हाला मात्र तसं वाटत नाही."

"म्हणजे काय, अक्का?" डॉक्टर उठले. "ती नकलीच आहेत. मी ओतलीत!"

"तुम्ही ओतलेली तोंडात म्हातारी होतात पण काळी पडत नाहीत. मघाशी तुम्हीच सांगितलंत. पेटीतली वर्षभरात काळवंडली. काळी कोण पडते? चांदी पडते. डॉक्टर, खालच्या जबड्यांच्या खणात होत्या त्या तुमच्या टोप्या. तुमची चांदी वर्षभर या हॉलमध्ये, सगळ्यांच्या नाकासमोर, पाहुण्यांच्या चहाशेजारी बसलेली आहे. आणि आज दंतमंजनाखाली झिजणार होती."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली डबी खाली पडली.

"चोराने खणातला माल पिशवीत टाकला आणि डबे पुन्हा नीट रचले. बैठकीचा चहा चालू असताना, उठून हात धुवायला जायचं निमित्त करून, असं आपण धरू. घरी गेल्यावर तराजूत टाकला, आणि त्याला कळलं की आपण कवळीचं सामान पळवलंय. मग असली कुठे असणार? नकलांच्या जागी. पण पेटीशेजारी दिवसभर माझी बहीण बसते, आणि किल्ली तिच्या कमरेला. मग तो रोज येऊन बसू लागला. चोरी कळायच्या आधीपासून दुखवट्याला आलेला हा जगातला पहिला माणूस."

अध्यक्षांनी नाणं पिशवीत ठेवलं. ठेवतानासुद्धा हळूच ठेवलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. मग हातमोजे काढले आणि खाली बसले.

"विकणार नव्हतो," ते म्हणाले. सौम्य आवाज आता नुसताच बारीक झाला होता. "घरी काचेखाली ठेवणार होतो. मी एकटा असतो हो. इतकी वर्षं मंडळात बसून इतरांचीच बघत आलो."

"अहो, मग मागायची होती!" डॉक्टर म्हणाले. "महिनाभर बघायला दिली असती."

"बघायलाच ना."

डॉक्टर रागावणार असं मला वाटलं. ते पुढे झुकले.

"एक सांगा. खरं सांगा. खणातून काढताना तुम्हाला काही कळलं? माझ्या नकला आहेत असं?"

"नाही."

"हातात घेऊनसुद्धा?"

"तराजूपर्यंत नाही."

"तुम्ही! मंडळाचे अध्यक्ष!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "ऐकलंस का गं? यांना कळलं नाही!"

आमच्या हिने कपाळावर हात मारला. मग तिने दोन अटी घातल्या. टोप्या आजच्या आज परत यायच्या, आणि अध्यक्षपदाचा राजीनामा त्यांच्याबरोबर यायचा. दोन्ही दिवस मावळायच्या आत आलं. जावईबापू पोलिसांचा आग्रह धरत होते. डॉक्टर म्हणाले, "माझ्याच दातांच्या चोरीची तक्रार देऊ? गल्ली हसेल." पण मला वाटतं, ज्याला आपली नक्कल अस्सल वाटली त्याला तुरुंगात धाडायचं त्यांच्या जिवावर आलं.

"पण अक्का," डॉक्टर एकदम थबकले, "अदलाबदल कुणी केली?"

"दोन्ही पुड्या तुम्हाला दुकानातून कुणी आणून दिल्या? यात असली, यात नकली, असं कुणी सांगितलं?"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

७. तोंड मिटा

ते भावाच्या दुकानात एकटे जाणार होते. पण रस्ता ओलांडेपर्यंत धीर सुटला आणि त्यांनी मला दंडाला धरून नेलं.

घड्याळजी शटर ओढत होते. भावाला बघून ओढायचे थांबले. पुन्हा उघडलंही नाही. ते शटर मध्येच लोंबत राहिलं, आणि दोघं भाऊ त्याच्या दोन बाजूंना.

"तू बदललीस?" डॉक्टर म्हणाले.

"आत्ता विचारतोयस?"

"आत्ता विचारतोय."

"हो, बदलली. कडा करायला दोन्ही आणून दिलीस तेव्हाच बदलली. तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस, असली जबड्यांमागे ठेवणार. मी म्हटलं, दादा हे अजून किती जणांना सांगणार? मोजवेना. जे गुपित तुझ्या पोटात आहे ते गावभर आहे. मग असली ठेवायची जागा एकच, जिथे नकली आहेत असं तू सगळ्यांना सांगणार. नकली म्हटलं की माणूस बघतसुद्धा नाही. तू तरी बघितलंस का वर्षभरात?"

"नाही बघितलं."

"यात असली, यात नकली, असं सांगितलं तेव्हा तू ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस, आणि मी खोटं सांगत होतो." घड्याळजींना हसू आलं, ते त्यांनी शटरच्या मागे नेलं. "आणि वर्षभर रोज चहाला येऊन त्या पेटीकडे बघत होतो. रोज वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर न्हाव्याला कळेल."

डॉक्टर खाली वाकले, शटरखालून आत गेले. या वयात आणि त्या पोटासह ते सोपं नव्हतं. मला आतलं काही दिसलं नाही. ऐकू आलं ते असं:

"हे घे. जहाज."

"मला नको. वडिलांनी तुला दिलंय."

"त्यांनी मला सांभाळायला दिलं होतं. सांभाळलं कुणी?"



त्यानंतरची व्यवस्था अक्काने लावून दिली. फोटो निघाले, वजनं झाली, विमा उतरला. जावईबापू त्या दिवशी आनंदाने दोनदा जेवले. घासायला कुणी हात लावायचा नाही, असं दंतमंजनाच्या डबीवरच लिहून ठेवलं. पेटीत टोप्या परत गेल्या, आणि त्या आता कितीही वर्षं चकचकीत राहतील. आणि असली नाणी कुठे आहेत हे फक्त घड्याळजींना माहीत आहे. डॉक्टरांना सांगायचं नाही, ही अट डॉक्टरांनीच घातली. एकदा विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, म्हणाले, आता न विचारता राहून दाखवतो.

महिन्यातल्या एका रविवारी घड्याळजी जेवणाचा डबा घेऊन येतात. डब्यात जेवण नसतं. दोघं भाऊ बंद दवाखान्यात जातात, थोरले पेशंटच्या खुर्चीत बसतात, धाकटे स्टुलावर, आणि मध्ये दाताची हत्यारं ठेवायच्या ताटात नाणी मांडतात. जहाज सगळ्यांत शेवटी निघतं, घड्याळजींच्या शर्टाच्या खिशातून. एकदा मीही होतो. चिमट्याने जहाज उचलून डॉक्टरांनी दिव्यापाशी धरलं, डोळे मिचकावले, मग भावाकडे बघितलं. जीभ वळवळत होती, ते मला स्पष्ट दिसलं. ओठ उघडले.

"एवढंच सांग," ते म्हणाले, "गल्लीतच आहेत ना?"

घड्याळजींनी भिंग कपाळावर सरकवलं. मग हात पुढे केला, आणि जन्मभर या खुर्चीपाशी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू आलेल्या त्याच प्रेमळ, अनुभवी आवाजात म्हणाले,

"झालं हं. आता तोंड मिटा."

डॉक्टरांनी मिटलं. चिमट्यात जहाज धरून ते बसून राहिले, गाल फुगवून, निग्रहाने, पहिल्यांदाच दात काढून घेतलेल्या मुलासारखे.